डोक्यात रक्तस्राव, तरी रक्त पातळ करायचं इंजेक्शन: खानापूर तालुक्यातल्या एका बाळंतिणीची केस

स्ट्रोक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर साठीतला बीपी-शुगरवाला माणूस येतो, तोंड वाकडं, एक हात-पाय गेलेला. आणि कारण म्हणून धमन्याच आठवतात, म्हणजे मेंदूकडं रक्त नेणाऱ्या नळ्या, तिथं गुठळी अडकली किंवा नळी फुटली. पण वर गेलेलं रक्त परत खाली हृदयाकडं यायलाही लागतं ना, आणि ते ज्या शिरांमधून येतं त्या शिराच गुठळीनं बंद झाल्या तर जे होतं त्याची ही केस आहे. याला सेरेब्रल व्हीनस थ्रॉम्बोसिस म्हणतात, पुढं मी सीव्हीटी एवढंच लिहितो. सगळ्या स्ट्रोकमध्ये याचं प्रमाण साधारण अर्धा ते एक टक्का धरतात, पण पेशंट बहुतेक तरुण असतात आणि वेळेत कळलं तर बरेचसे पूर्ण बरे होतात, म्हणून याच्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं. मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात जनरल प्रॅक्टिस करतो, न्यूरोलॉजिस्ट नाही. घरच्यांना विचारून लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

पेशंट 23 वर्षांची, पहिलटकरीण, माहेरी आलेली, माहेर जांबोटीकडच्या बाजूला. नवरा गोव्यात हॉटेलात कामाला, आमच्याकडची बरीच पोरं तिकडंच असतात. बाळ पायाळू होतं म्हणून सिझर झालं, कमरेत इंजेक्शन देऊन, म्हणजे स्पायनल. गरोदरपणात बीपी कधी वाढलं नाही, लघवीत प्रोटीन नाही. तायी कार्डावर, म्हणजे गरोदर बायकांच्या सरकारी कार्डावर, हिमोग्लोबिन मात्र 8.4 लिहिलेलं होतं आणि लोहाच्या गोळ्या आशाताईंनी नेऊन दिलेल्या, त्यातल्या निम्म्या तशाच डब्यात, कारण तोंडाची चव जाते आणि शौचाला घट्ट होतं. ही तक्रार आम्ही रोज ऐकतो, तिच्यात खोटं काही नाही. पाचव्या दिवशी बाळ-बाळंतीण घरी.

जुलैचा पाऊस, जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना जास्त सांगायला नको, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. बाळंतिणीच्या खोलीचं दार-खिडकी बंद, बाजेखाली शेगडी, कानाला फडकं घट्ट बांधलेलं, आणि पाणी मोजून. ओवा घालून उकळलेलं कोमट पाणी, दिवसाला दोन-तीन फुलपात्री, "जास्त प्यालीस तर पोट सुटतंय." दूध यावं म्हणून खीर-लाडू भरपूर, पाणी तेवढं नाही.

सहाव्या दिवशी डोकं दुखायला लागलं. आईनं ऑपरेशन झालं होतं तिथं फोन केला, तिकडून सांगितलं की कमरेच्या इंजेक्शननं असं होतं, आडवं राहा, पॅरासिटामॉल घ्या, कॉफी आणि भरपूर पाणी प्या. हा सल्ला फोनवर कुणीही हाच दिला असता, स्पायनलनंतर डोकं दुखणं ही रोजची गोष्ट आहे, मला त्यात फार दोष काढायचा नाही. (त्यातलं आडवं राहायचं तेवढं पाळलं गेलं, भरपूर पाणी कुणी ऐकलंच नाही.) पण एक गोष्ट फोनवर विचारली गेली नाही, आणि ती या अख्ख्या केसमधली सगळ्यात स्वस्त टेस्ट होती. स्पायनलचं डोकं बसलं-उठलं की वाढतं आणि आडवं झालं की काही मिनिटांत उतरतं. हिचं उलटं होतं. "झोपलं की जास्त ठणकतंय, पहाटे तर सोसवत नाही, खोकलं की डोकं फुटंल असं वाटतंय" असं ती आईला सांगत होती. झोपल्यावर, खोकल्यावर, जोर केल्यावर वाढणारं डोकं म्हणजे कवटीच्या आत प्रेशर वाढलंय का बघा, हे पुस्तकात लिहिलेलं असतंय, पण बाळंतिणीला कोण विचारणार झोपल्यावर कसं वाटतं म्हणून, ती तर झोपूनच असते.

आठव्या दिवशी दोनदा उलटी झाली, डोळ्यापुढं धुरकट दिसतंय म्हणाली. दृष्ट काढून झाली. नवव्या दिवशी सकाळी बाळाला पाजताना उजव्या हाताची बोटं आपोआप उडायला लागली, मग मनगट, मग खांदा, आणि मग अख्ख्या अंगाला फिट आली. फिट हाताच्या बोटांतून सुरू होऊन वर चढत गेली हे आईनं अगदी नीट बघितलेलं आणि नीट सांगितलं, पुढं न्यूरोलॉजिस्टला सगळ्यात जास्त उपयोग त्या वर्णनाचाच झाला, कारण एका कोपऱ्यातून सुरू होणारी फिट म्हणजे मेंदूतही एका कोपऱ्यातच काहीतरी आहे.

ओढ्यावर पाणी होतं म्हणून गाडी फिरवून आणावी लागली. मला फोन आला तेव्हा तिला तालुक्याच्या गावी नेलेलं, मी तिथं पोचलो. बाळंतिणीला फिट आली की पहिल्यांदा एक्लाम्पसिया, म्हणजे बाळंतपणात बीपी वाढून येणारी फिट, समजूनच मॅग्नेशियम सल्फेट देतात, तसं दिलं होतं आणि बरोबरच केलं होतं, त्यात गमवायचं काही नसतं. पण बीपी 126/82, लघवी स्वच्छ, आणि दुसरी फिट थांबल्यावर उजवा हात खाटेवरून उचलेना. मग थांबण्यात अर्थ नव्हता. 108 नं बेळगाव, खानापूरपासून पंचवीसेक किलोमीटर.

कॅज्युअल्टीत हात गेलाय म्हटल्यावर स्ट्रोकची धावपळ सुरू झाली. धमनीच्या स्ट्रोकला साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं, म्हणून घड्याळ लावून सगळं चालतं. सीटी झाला आणि घड्याळ बाजूला ठेवलं, कारण मेंदूच्या डाव्या बाजूला वरच्या अंगाला सूज आणि त्यात रक्तस्राव. तिथल्या ज्युनिअर डॉक्टरांनी घरच्यांना सांगून टाकलं, ब्रेन हॅमरेज आहे. आई तिथंच खाली बसली.

न्यूरोलॉजिस्ट आल्यावर त्यांनी फिल्म उजेडासमोर धरून दोन गोष्टी दाखवल्या. एक म्हणजे ही सूज कुठल्याच एका धमनीच्या हद्दीत बसत नव्हती, हद्दी ओलांडून पसरलेली होती. दुसरी, डोक्याच्या मधोमध मागच्या बाजूला एक पांढरा त्रिकोण दिसत होता जो इतका पांढरा दिसायला नको. तिथून मेंदूची सगळ्यात मोठी शीर जाते, सुपीरिअर सॅजिटल सायनस, कपाळापासून डोक्याच्या मागपर्यंत टाळूखालून. लगेच एमआरआय आणि त्याबरोबर शिरांचा फोटो, म्हणजे एमआर व्हेनोग्राम केला, तर ती शीर बऱ्याच लांबीत दिसतच नव्हती. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर सूज. निदान झालं. डोकं दुखायला लागल्यापासून चौथा दिवस होता, आणि खरं सांगायचं तर हे लवकरच झालं म्हणायचं, कारण आयएससीव्हीटी नावाचा जो मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास 2004 मध्ये छापून आला, 21 देशांतले 624 पेशंट, त्यात लक्षण सुरू झाल्यापासून निदानापर्यंतचा मधला आकडा 7 दिवस होता. म्हणजे मोठमोठ्या सेंटरांनाही हे पटकन कळत नाही. त्याच अभ्यासात जवळपास दहातल्या नऊ जणांना डोकेदुखी होती आणि दहातल्या चौघांना फिट आलेली. स्ट्रोक ओळखा म्हणून जी पोस्टर्स आपण लावतो, चेहरा-हात-बोलणं, त्यात या दोन्ही गोष्टी नाहीत.

आता खरी अडचण. न्यूरोलॉजिस्ट म्हणाले, हेपरिन सुरू करायचं, आत्ताच. हेपरिन म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध. आईनं जे विचारलं ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण एमबीबीएसच्या परीक्षेत विचारावा असा प्रश्न आहे: "डॉक्टरसाहेब, डोक्यात रगात सांडलंय म्हंता, खरं रगात पातळ करायचं इंजेक्शन देतो म्हंता, मग ते आणखी सांडंल की!"

सहीचा फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत होता, घरात कन्नड बोलायला येतं पण वाचायला कुणाला येत नाही, नवरा गोव्याहून निघालेला आणि चोर्ला घाटात फोन लागत नव्हता. फॉर्म मी वाचून मराठीत सांगितला. पण फॉर्ममध्ये आईच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतंच. तिला मी एवढंच म्हणालो की मावशी, मोरीचा पाइप पुढं तुंबला की पाणी घरात वर येतं, तसं झालंय, हे फुटून आलेलं रक्त नाही, वाट बंद झाल्यामुळं मागं दाटून झिरपलेलं आहे, पुसत बसून उपयोग नाही, पाइप मोकळा व्हायला पाहिजे. वैद्यकीय भाषेतही हेच आहे. शीर बंद झाली की मागच्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये दाब वाढतो, मेंदूतून रक्त बाहेर पडेना म्हणून आत नवीन रक्त शिरायलाही जागा राहत नाही, तो भाग सुजतो, आणि शेवटी केशवाहिन्या गळायला लागतात. हेपरिन आधीच झालेली गुठळी विरघळवत नाही, ती वाढायची थांबवतं, आणि मग शरीर स्वतःच हळूहळू वाट मोकळी करतं. उलट गुठळी वाढू दिली तर दाब वाढेल आणि रक्तस्रावही वाढेल.

पण तर्क बरोबर वाटला म्हणून औषध बरोबर असतं असं नाही, याचा दाखला वैद्यकाच्या इतिहासात पानोपानी सापडतो. म्हणून यामागचं संशोधन काय आहे ते बघू, आणि माझ्या मते या केसमधला सगळ्यात इंटरेस्टिंग भाग तोच आहे.

बाळंतपणानंतरच्या सीव्हीटीचं वर्णन स्कॉटलंडच्या जॉन अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी 1828 मध्येच करून ठेवलंय, बाळंतपणानंतर फिट येऊन दगावलेली तरुण बाई. या आजाराला हेपरिन पहिल्यांदा दिलं ते 1942 मध्ये, स्टॅन्सफिल्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी, आणि ती पेशंटही बाळंतीणच होती. म्हणजे औषध हातात होतं. पण त्यानंतर जवळपास पन्नास वर्षं डॉक्टर मंडळी या आईसारखीच घाबरत राहिली, डोक्यात रक्त दिसतंय तर हेपरिन कसं द्यायचं, काही द्यायचे काही नाही द्यायचे, पुरावा कुणाकडंच नव्हता. 1991 मध्ये जर्मनीत आइनहॉयप्ल आणि सहकाऱ्यांनी शेवटी चिठ्ठ्या टाकून केलेली ट्रायल छापली. पेशंट किती? 20 फक्त. 10 जणांना हेपरिन, 10 जणांना प्लेसिबो, म्हणजे औषध नसलेलं नुसतं दाखवायचं. तीन महिन्यांनी हेपरिनवाल्यांतले 8 पूर्ण बरे आणि 2 जणांत किरकोळ काहीतरी राहिलेलं, एकही मृत्यू नाही. प्लेसिबोवाल्यांत पूर्ण बरा 1, मृत्यू 3, बाकीच्यांत दोष राहिला. फरक इतका उघड दिसायला लागला की ट्रायल मध्येच थांबवली.

आणि आईच्या प्रश्नाचं थेट उत्तर त्याच पेपरच्या दुसऱ्या भागात आहे. त्यांनी जुने 102 पेशंट काढून बघितले, त्यातल्या 43 जणांच्या डोक्यात रक्तस्राव झालेला होता, म्हणजे आपल्या पेशंटसारखेच. रक्तस्राव झाल्यावर ज्या 27 जणांना हेपरिन दिलं त्यांच्यातले 4 गेले, ज्या 13 जणांना दिलंच नाही त्यांच्यातले 9 गेले. 15 टक्के विरुद्ध 69 टक्के. मान्य आहे की हा मागं वळून बघितलेला हिशोब आहे, जास्त सिरीयस पेशंटना डॉक्टरांनी घाबरून हेपरिन दिलं नसेल आणि ते तसेही गेले असते असं होऊ शकतं. 1999 मध्ये नेदरलँड्सच्या डी ब्रुइन आणि स्टॅम यांनी 59 पेशंटवर दुसरी ट्रायल केली, तिच्यात फायद्याकडं कल दिसला पण ठाम नाही. दोन्ही एकत्र केल्या तरी 79 पेशंट. मृत्यूचं प्रमाण एक तृतीयांशावर येतं असं गणित निघालं खरं, पण पेशंट इतके थोडे की संख्याशास्त्रवाले अजून मान पूर्ण हलवत नाहीत. तरी त्या ट्रायल्समध्ये हेपरिनमुळं डोक्यात नवा रक्तस्राव झाला असं मात्र दिसलं नाही. त्याच 1999 साली आपल्या बेंगळुरूच्या निम्हान्सच्या डॉक्टरांनी खास बाळंतिणींच्या सीव्हीटीवर कमी डोसच्या हेपरिनचा अभ्यास छापला आणि तिथंही फायदाच दिसला. बाळंतिणींच्या या आजाराचं काम भारतातनं बरंच झालंय, 1983 मध्ये के. श्रीनिवासन यांनी गरोदर आणि बाळंतीण मिळून 135 पेशंटचा अभ्यास छापलेला आहे, तेव्हा एमआरआय कुठलं आलंय.

आज जगभरातल्या गाइडलाइन्स म्हणतात की रक्तस्राव असला तरी सीव्हीटीत हेपरिन द्या. एवढ्या मोठ्या निर्णयाच्या तळाशी शंभराहून कमी माणसांच्या ट्रायल्स आहेत हे वाचून कुणाला धक्का बसेल, मला बसला नाही, दुर्मिळ आजारांत असंच असतं आणि आता प्लेसिबोवाली ट्रायल कुणी करूही देणार नाही.

हे सगळं मी आईला सांगितलं नाही अर्थात. मोरीवर काम भागलं. अंगठा उमटवायच्या आधी तिनं एकच विचारलं, "तुमची बहीण असती तर दिलं असतासा?" मी हो म्हणालो. दर 12 तासांनी पोटाच्या कातडीखाली एनॉक्सापॅरिन, म्हणजे हेपरिनचाच एक प्रकार, सुरू झालं, सोबत फिटसाठी लेव्हेटिरॅसिटाम आणि सूज उतरायला मॅनिटॉल.

दुसऱ्या रात्री तब्येत बिघडली. गुंगी वाढली, हाक मारली की डोळे उघडायची आणि परत मिटायची, आणखी एक फिट. परत सीटी, सूज वाढलेली पण रक्तस्राव वाढलेला नव्हता. तोवर नवरा पोचलेला, तो तर इंजेक्शन बंद करा म्हणून हटूनच बसला, आणि मला त्याचा राग नाही आला, इंजेक्शन सुरू केलं आणि बायको बेशुद्ध पडत चालली एवढंच त्याला दिसत होतं. इंजेक्शन बंद केलं नाही. न्यूरोसर्जनना मात्र सांगून ठेवलं, कारण सूज फारच वाढली तर कवटीचा एक तुकडा काढून मेंदूला फुगायला जागा करून द्यायची, असं ऑपरेशन असतं. त्याच्यावर डिकम्प्रेस-2 नावाचा अभ्यास 2024 मध्ये आलाय, 118 पेशंट, सगळे मरणाच्या दारातले, त्यातले साधारण दोन तृतीयांश वर्षभरानंतर जिवंत होते आणि एक तृतीयांश आपलं आपण करण्याइतके बरे. ऐकायला कमी वाटतं, पण ऑपरेशन केलं नसतं तर यातले बहुतेक गेलेच असते. आणखी एक पर्याय लोक विचारतात, नळी घालून गुठळी ओढून का काढत नाही, हार्टला करतात तसं. टू-अ‍ॅक्ट नावाच्या 67 पेशंटच्या ट्रायलमध्ये त्याचा हेपरिनपेक्षा जास्त फायदा दिसला नाही, त्यामुळं तो सरसकट करत नाहीत.

ऑपरेशनची वेळ आली नाही. चौथ्या दिवशी ती डोळे उघडून बाळ कुठाय म्हणाली. मग सुधारणा इतकी पटापट होत गेली की वॉर्डातल्या सिस्टरही बघायला यायच्या, उजवा हात आधी खांद्यातून, मग कोपरातून, बोटं शेवटी.

कारण काय झालं, हे सगळ्यांनी विचारलं. सासरचे म्हणाले माहेरच्यांनी पाणी दिलं नाही, माहेरचे म्हणाले कमरेच्या इंजेक्शननं झालं. माझं मत असं की एकाच गोष्टीवर ढकलता येत नाही. गरोदरपणाच्या शेवटी शरीर रक्त गोठायची तयारी स्वतःच वाढवून ठेवतं, फायब्रिनोजेन वाढतं, फॅक्टर 8 वाढतो, गोठण रोखणारं प्रोटीन एस कमी होतं, कारण बाळंतपणातला निसर्गाचा पहिला शत्रू रक्तस्राव आहे. तो किती मोठा शत्रू आहे ते आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यांत मोजलं गेलंय, बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या टीमनं 1620 बायकांवर मिसोप्रोस्टॉल गोळीची ट्रायल केली, 2006 मध्ये लॅन्सेटमध्ये आली, बाळंतपणानंतरचा जादा रक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आला. तर या शत्रूसाठी केलेली तयारी बाळंतपण झाल्यावर लगेच उतरत नाही. कॅलिफोर्नियातल्या जवळपास 17 लाख बायकांची माहिती 2014 मध्ये कामेल आणि सहकाऱ्यांनी तपासली, तर गुठळीचा धोका पहिल्या 6 आठवड्यांत दहापटीहून जास्त आणि 12 आठवड्यांपर्यंत दुप्पट. आपला सव्वा महिना त्यातला मोठा वाटा झाकतो, पण सगळा नाही.

त्यावर हिचं हिमोग्लोबिन, बेळगावात आली तेव्हा 7.9. अ‍ॅनिमियाचा आणि सीव्हीटीचा संबंध आहे हे कुतिन्यो यांच्या 2015 च्या अभ्यासात बऱ्यापैकी पक्कं दिसतं. आणि आपल्याकडं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 52.2 टक्के गरोदर बायका अ‍ॅनिमियात होत्या, निम्म्याहून जास्त! म्हणून मला डब्यातल्या त्या गोळ्या पाण्याच्या फुलपात्रांपेक्षा जास्त सलतात. गोळ्या पचत नसतील तर शिरेतून एकदाच लोह देता येतं, त्याच्यावर रॅपिडआयर्न नावाची 4320 बायकांची ट्रायल कर्नाटक-राजस्थानात झाली, बेळगावच्या संशोधकांचा तिच्यात मोठा वाटा. हिला वॉर्डातच शिरेतून लोह दिलं. तपासणीत बी-12 कमी आणि होमोसिस्टीन नावाचा रक्तातला घटक वाढलेला निघाला, तेही गुठळीला निमंत्रणच, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. प्रोटीन सी-एस वगैरे महागड्या टेस्ट कुणीतरी लिहून दिलेल्या, न्यूरोलॉजिस्टनी खोडल्या, कारण बाळंतपणानंतर प्रोटीन एस तसंही कमीच येतं आणि हेपरिनवर असताना बाकीच्याही बऱ्याच टेस्ट धड येत नाहीत. नाहक काही हजार वाचले.

पाण्याचं म्हणाल तर, बाळंतिणीला तहानलेली ठेवणं वाईटच आणि मी प्रत्येक घरात ते सांगतो, रक्त दाट होतं हे खरं. पण पाणी कमी दिल्यानंच हे झालं असं छातीठोक सांगायला पुरावा नाही, आणि तसं सांगून एका आईच्या डोक्यावर आयुष्यभराचं ओझं ठेवायला मी तयार नाही. पूर्वी भारतात सीव्हीटी म्हणजे बाळंतिणीचाच आजार समजायचे. पण हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटनं 2012 मध्ये 428 पेशंटची नोंद छापली त्यात पुरुषच थोडे जास्त होते, बाळंतिणी साधारण दहातली एक, आणि कारणांच्या यादीत अ‍ॅनिमिया, होमोसिस्टीन, दारू, गर्भनिरोधक गोळ्या सगळे होते. म्हणजे दारू पिणाऱ्या तिशीतल्या पोराचं आठवडाभर न थांबणारं डोकंही याच नजरेनं बघायला पाहिजे, तो बाळंतीण नाही म्हणून सुटत नाही.

डिस्चार्जला इंजेक्शनवरून रक्त गोठू न देणाऱ्या गोळीवर आणायचं होतं. नवीन गोळ्या आल्यात, त्यातल्या डॅबिगॅट्रानची 2019 मध्ये वॉर्फरिन या जुन्या गोळीशी तुलना झाली, 120 पेशंट, दोन्हीकडं परत गुठळी कुणालाच नाही, आणि या नवीन गोळ्यांना सारखं रक्त तपासायला लागत नाही. पण हिला अंगावर पाजायचं होतं, आणि त्यासाठी वॉर्फरिनच जास्त खात्रीचं, ते दुधातून बाळापर्यंत म्हणण्यासारखं जात नाही. नवीन गोळ्यांबद्दल ती खात्री नाही. म्हणून वॉर्फरिन, आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, 2 ते 3 च्या मध्ये ठेवायचा.

आणि इथं बाळंतिणीच्या जेवणानं आमची परीक्षा घेतली. पहिला आयएनआर छान 2.3, दहा दिवसांनी 1.4. गोळी रोज घेतेय, वेळेवर घेतेय, मग काय? तर घरी आल्यावर दूध वाढायला म्हणून सकाळ-संध्याकाळ शेपू नाहीतर मेथी, आणि पालेभाजीत व्हिटॅमिन के भरपूर, ते वॉर्फरिनच्या बरोब्बर उलटं काम करतं. कुणीतरी सांगितलं भाजी बंद करा, की पुढच्या वेळी 3.8. भाजी बंद करायची नसते, रोज साधारण तेवढीच खायची आणि गोळी त्याला जुळवून घ्यायची. वाटीचं माप ठरवून दिलं, मग आकडा जागेवर आला. दर वेळी बेळगावला जायला लागू नये म्हणून रक्त खानापुरातच काढून रिपोर्ट फोनवर मागवत होतो.

सहा महिन्यांनी एमआर व्हेनोग्राम परत केला, शीर बरीचशी मोकळी झालेली, थोडा भाग बारीकच राहिला पण आजूबाजूच्या शिरांनी काम उचललेलं. वॉर्फरिन बंद केलं. फिटच्या गोळ्या न्यूरोलॉजिस्ट हळूहळू कमी करताहेत. उजव्या हाताची ताकद पूर्ण आली, बारीक काम अजून थोडं अडतं, सुईत दोरा ओवायला वेळ लागतो, ब्लाउजची बटणं लावायला डावा हात पुढं येतो. आयएससीव्हीटीच्या हिशोबात ती बऱ्या झालेल्या 79 टक्क्यांत मोजली जाईल, आणि ते योग्यच आहे, पण ती शिवणकाम करायची, तिला ते मोजमाप पटत नाही.

राहिल्या दोन गोष्टी. एक, पाळणा लांबवायला सरकारी माला-एन गोळ्या घरपोच मिळतात, त्यात इस्ट्रोजेन असतं आणि इस्ट्रोजेन गुठळीचा धोका वाढवतं, या बाईला ती गोळी आयुष्यात कधीच द्यायची नाही. कॉपर-टी बसवली. आशाताईंना समक्ष सांगितलं आणि तायी कार्डाच्या पहिल्या पानावर कन्नड आणि मराठी दोन्हीत लिहून ठेवलं, पुढं कार्ड कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही.

दुसरी, नवऱ्यानं सगळ्यांच्या मागं थांबून हळूच विचारलेलं, पुढचं मूल होऊ द्यायचं का. होऊ द्यायला हरकत नाही. सीव्हीटी झालेल्या बायकांच्या पुढच्या गरोदरपणांचा जो एकत्र हिशोब 2016 मध्ये आला त्यात हजारात साधारण 9 वेळा सीव्हीटी परत झाला, आणि पायात वगैरे गुठळी हजारात 27 वेळा. धोका इतर बायकांपेक्षा जास्त, पण मूल नकोच म्हणण्याइतका नाही. फक्त दिवस राहिले की पहिल्याच महिन्यात दाखवायचं, हिमोग्लोबिन आधीच वर आणून ठेवायचं, आणि गरोदरपणात आणि नंतर निदान सहा आठवडे तेच पोटातलं इंजेक्शन कमी डोसमध्ये रोज घ्यायचं. इतके महिने रोज म्हणजे खर्च किती येईल हे त्यानं लगेच विचारलं, आणि तो हिशोब आम्ही दोघांनी तिथंच औषधाच्या चिठ्ठीमागं मांडला, त्याच्या गोव्यातल्या पगारात बसवायचा तर आत्तापासून महिन्याला थोडे बाजूला टाकायला लागतील असं ठरलं.